भोंग्याची उचकी

बैत शूमर गावात शफीकाला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि तिचा स्वतःचा खरा आवाज कसा आहे हे छातीठोकपणे सांगणारंही कुणी सापडायचं नाही. कारण ती बोलायची ते बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. भाजीवाल्याशी भाजीवाल्याच्या, इमामांच्या बायकोशी इमामांच्या, आणि गाढवाशी अर्थातच गाढवाच्या. गाढवं तिला मान द्यायची. माणसांचं तसं खात्रीनं सांगता येत नव्हतं.

हा गुण जन्मजात. तिच्या बापाला तितर धरायचा नाद होता. तो टेकडीवर एका झुडपाआड दबा धरून बसायचा, आणि पलीकडच्या झुडपातून शफीका तितराची मादी होऊन साद घालायची. बाप बिचारा काट्याकुट्यांतून पोटावर सरपटत तिथवर पोचायचा, झडप घालायचा, आणि हाताला लागायची लेकीची वेणी. शाळेत तर तिनं कमालच केली. एके दिवशी मुख्याध्यापिका बाईंच्या घोगऱ्या आवाजात व्हरांड्यातून हुकूम सुटला, "आज शाळा लवकर सुटली, मुलींनी रांगेनं घरी जावं." मुली रांगेनं घरी गेल्या. दोन शिक्षिकाही गेल्या. बाई आपल्या खोलीत चहा पीत बसल्या होत्या, त्यांना हे फार उशिरा कळलं.

"तुझ्या घशात जिन्न बसलाय," असं आई म्हणायची.

"एक नाही गं, पूर्ण खानदान आहे," असं शफीका आजीच्या आवाजात सांगायची.

तिचं लग्न झालं जुम्आशी. जुम्आ दगडाच्या खाणीत कामाला होता. दिवसभर दगड कापायच्या यंत्राजवळ उभा राहून त्याचे कान जरा मंद झालेले, त्यामुळे असल्या बायकोशी त्याचं बरं जमलं. घरात खरा कारभार होता सासूबाईंचा, हाज्जा तमाम यांचा. हाज्जा बुटक्या, गोल, आणि आवाज असा की हाक मारली तर खालच्या आळीतली कोंबडीही अंडं टाकायची थांबावी. थोरल्या मुलाचं, राजीचं, बारसं-कौतुक उरकलं आणि शफीका सगळ्या गावाची उम्म राजी, म्हणजे राजीची आई, झाली. पण हाज्जांच्या तोंडी ती कायम "ए पोपटिणी" अशीच राहिली, आणि त्या हाकेत राग किती आणि अभिमान किती याचा हिशोब शफीकानं कधी मागितला नाही.

हे सगळं सुखाचं होतं. मग बुरूज आला.

गावाच्या वरच्या अंगाला, जिथं अबू मुतीअ म्हाताऱ्याचं जैतुनाचं रान होतं आणि त्याखाली गावाचा झरा होता, तिथं आधी बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांची काही फिरती घरं आणून ठेवली गेली. मग त्यांच्याभोवती कुंपण आलं. कुंपणाच्या आत झरा गेला, रान गेलं. कुंपणाच्या राखणीला सिमेंटचा गोल बुरूज उभा राहिला, त्यात सैनिक आले, आणि बुरुजाच्या डोक्यावर गावाकडे तोंड करून एक कर्णा बसला. राखाडी रंगाचा, भल्यामोठ्या फुलासारखा. अबू मुतीअनं तो पाहून म्हटलं, "पाणी घेतलंच आहे, आता वरून धोत्रा लावलाय."

सुरुवातीला कर्णा कामापुरता बोलायचा. संचारबंदी लागली, संचारबंदी उठली, अमक्या घरातल्या माणसांनी बाहेर यावं. पण बुरुजात बसणाऱ्या पोरांना दिवस खायला उठत असावा. हळूहळू कर्ण्यातून बाकीच्या गोष्टी यायला लागल्या. कधी कुत्र्याचं भुंकणं. कधी धडधड असं गाणं, ज्यात शब्द कमी आणि ठोसे जास्त. कुणीतरी मोडक्यातोडक्या अरबीत "सुप्रभात, गाढवांनो" म्हणायचं. आणि या सगळ्याच्या वर भोंगा. भोंग्याला वेळ नव्हता. जैतून झोडायला माणसं झाडांखाली चादरी अंथरून बसली की भोंगा. मयताची नमाज सुरू झाली की भोंगा. बाळ नुकतंच डोळा लावतंय असं वाटलं की हमखास भोंगा. तो खालून वर चढत जायचा, टोकाला जाऊन थरथरायचा, मग एकदम थांबायचा, जणू दम खायला. आणि पुन्हा खालून सुरू.

गाव त्यानं बदललं. सगळे ओरडून बोलायला लागले. पूर्वी ज्या गोष्टी बायका तबून भट्टीवर भाकरी लावताना कानात सांगायच्या, त्या आता भोंग्याच्या वरताण सांगाव्या लागायच्या, आणि नेमका त्याच क्षणी भोंगा थांबायचा. एकदा उम्म फवाझ शेजारणीला ओरडून सांगत होती, "आणि नवरा म्हणतो तुझ्या भावाच्या तोंडाला वास येतो," आणि भोंगा "तुझ्या" च्या आधीच थांबला. भाऊ समोरच्या दुकानात उभा होता. त्या दोन घरांत त्यानंतर वर्षभर येणंजाणं नव्हतं. पाखरं कमी झाली. कोंबड्यांची अंडी पातळ कवचाची निघायला लागली, निदान हाज्जा तमाम यांचं तसं ठाम मत होतं. पोरं कानांत बोटं घालून चालायची आणि पायाखाली न बघता पडायची.

आणि शफीका गप्प झाली.

हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण एवढ्या कालव्यात कोण गप्प आहे हे कुठं ऐकू येतं? जुम्आलाच ते कळलं. तो एकदा म्हणाला, "उम्म राजी, बऱ्याच दिवसांत तुझ्या तोंडून इमामसाहेब आले नाहीत. भांडलात की काय?"

शफीका म्हणाली, "येतच नाहीत. काल तितराची साद घालून बघितली. तोंड उघडलं तर भोंगाच बाहेर आला. माझ्या घशात दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नाही त्यानं."

हे तिनं स्वतःच्या आवाजात सांगितलं. जुम्आ तेवढ्यानंच घाबरला. त्यानं आईला जाऊन सांगितलं. हाज्जांनी मिरमियाचा, म्हणजे रानातल्या त्या कडू सुगंधी पाल्याचा, चहा उकळून सुनेला पाजला. घसा साफ झाला, पण घशात बसलेला पाहुणा काही हलला नाही.

राजी तोवर रामल्लात नोकरीला लागला होता. त्याची मुलगी तीमा नुकती तीन वर्षांची झाली होती आणि आईला दुसऱ्यांदा दिवस गेल्यामुळे आजीकडे राहायला आली होती. तीमाला शहरातला आवाज ठाऊक होता, हा नव्हता. पहिल्या भोंग्याला ती पलंगाखाली गेली आणि बाहेर यायचं नावच घेईना. शफीकानं खाली वाकून खजूर दाखवले, लबनेची, म्हणजे घट्ट दह्याची, वाटी दाखवली, मांजर दाखवलं. मांजरही पलंगाखाली जाऊन तीमाशेजारी बसलं.

दुपारी पुन्हा भोंगा सुरू झाला. शफीका स्वयंपाकघरात मकलूबाचं, म्हणजे थर लावून शिजवलेल्या भाताचं, पातेलं परातीत उलटं करायच्या बेतात होती. पलंगाखालून रडणं आलं. तिच्या हातात गरम पातेलं, डोक्यात संताप, घशात तोच मेला आवाज. मग ती म्हणाली, आहेस ना बसलेला, चल तर मग. आणि तिनं पातेल्यात तोंड घालून भोंगा सुरू केला. अगदी तस्साच, खालून वर, वर जाऊन थरथर. बाहेरचा आणि आतला असे दोन भोंगे एकमेकांच्या हातात हात घालून चढत गेले. टोकाला बाहेरचा थांबला, दम खायला. शफीकाही थांबणार, तेवढ्यात पातेल्यातली वाफ तिच्या घशात गेली आणि तिला उचकी लागली.

"हिक्."

बाहेर हाज्जा उंबऱ्यावर मुलुखियाची पालेभाजी निवडत बसल्या होत्या. उचकी लागलेल्या पोराला आयाबाया विचारतात तेच त्यांनी सवयीनं, मान वर न करता, त्यांच्या त्या प्रसिद्ध आवाजात विचारलं, "काय चोरून खाल्लंस रे?"

हाज्जांचा सवाल बुरुजालाच केल्यासारखा झाला. कारण त्या क्षणी, कुणालाही विचारा, उचकी भोंग्यालाच लागल्यासारखं ऐकू आलं होतं.

पलंगाखालचं रडणं थांबलं. थोड्या वेळानं तिथून बारीक आवाज आला, "आजी, भोंग्यानं काय चोरलं?"

शफीका परात तशीच टाकून जमिनीवर बसली आणि हसली. हसता हसता तिच्या तोंडून इमामसाहेब निघाले, भाजीवाला निघाला, गाढव निघालं. सगळे परत आले. मकलूबाचा भात मात्र पातेल्याला चिकटून राहिला आणि जुम्आला त्या दिवशी खरपुडी खावी लागली. त्यानं तक्रार केली नाही.

पुढच्या भोंग्याला तीमा पलंगाखाली गेली नाही. दारात उभी राहून ती वाट बघत होती. भोंगा चढला, थरथरला, थांबला, आणि आजीनं त्या फटीत उचकी बसवली. इतकी चपखल की जणू ती भोंग्याच्याच पोटातून आली. तीमा कमरेवर हात ठेवून बुरुजाकडे बघत ओरडली, "काय चोरलंस?" मांजराला मात्र यातलं काही पटलं नाही, ते पलंगाखालीच राहिलं.

शेजारच्या गच्चीवर उम्म फवाझ कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा तोंडात धरूनच विचारलं, "उम्म राजी, हे तू करतेस की खरंच त्याला झालंय काही?"

"मी कशाला करू? पचत नाहीये त्याला. एवढा मोठा झरा गिळलाय."

उम्म फवाझनं चिमटा काढला, पुढच्या फटीची वाट बघितली, आणि मोठ्यानं विचारलं, "काय चोरलंस?" कुठूनतरी खालच्या आळीतून एका पुरुषी आवाजानं उत्तर दिलं, "झरा." तो आवाज अबू मुतीअचा होता. म्हातारा त्याआधी कित्येक महिने घराबाहेर पडून मोठ्यानं काही बोलला नव्हता.

झालं. हे गवताच्या वणव्यासारखं पसरलं. उचकीचं काम शफीकाचं, कारण ती तिच्यासारखी कुणाला जमत नव्हती. न्हावी प्रयत्न करायचा, पण त्याची उचकी ढेकरेकडे झुकायची. शफीकानं मग बायकांना शिकवायला घेतलं. हातात भाकरीचं पीठ असताना, शेंगा सोलताना, ती सांगायची, "आधी ऐका. तो वर गेला की घाई करू नका. तो थांबतो तेव्हा त्यालाही ठाऊक नसतं आता काय. तिथं आपण जायचं. ती जागा त्याची नाही, आपली आहे." उम्म फवाझ म्हणाली, "एवढीशी जागा आणि त्यात अख्खं गाव?" शफीका म्हणाली, "आपल्याला अडचणीत राहायची सवय आहे."

मग आलं नाएलचं लग्न. नाएल शफीकाच्या बहिणीचा मुलगा. वरात शफीकाच्याच अंगणात आली, मुलीकडची माणसं आली, पुरुषांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दब्के नाचाची रांग धरली, बायकांच्या जिभा लकेरी घ्यायला लागल्या, आणि बुरुजातल्या पोरांनी अर्थातच भोंगा लावला. पूर्ण जोरात. वाजंत्रीवाला शेजारच्या गावचा होता. त्यानं बासरी खाली ठेवली आणि तोंड पाडून म्हणाला, "यावर कसं वाजवणार?"

"यावर नाही, याच्याबरोबर," शफीका म्हणाली. "अबू मुतीअ, तुमचं उखळ आणलंत ना?"

अबू मुतीअचं कॉफी कुटायचं लाकडी उखळ गावात नावाजलेलं. जुन्या काळी त्याचा ठेका ऐकून लोक समजायचे की पाहुणे आलेत, चला. म्हाताऱ्यानं ते मांडीत घेतलं, वेलची टाकली, आणि मुसळ धरलं. भोंगा चढायला लागला तसं त्यानं उखळाच्या काठावर सावकाश ठेका धरला. भोंगा वर गेला, ठेका दुप्पट झाला. भोंगा टोकाला थरथरला, बायकांच्या लकेरी त्याच्याही वर गेल्या. भोंगा थांबला. शफीकानं उचकी दिली. अर्ध्या अंगणातल्या बायकांनी विचारलं, "काय चोरलंस?" दब्केच्या रांगेतल्या पुरुषांनी पाय आपटून सांगितलं, "झरा." पुन्हा भोंगा. पुन्हा उचकी. "काय चोरलंस?" "रान." पुन्हा. "अजून काय?" "हसनची मोटार." हे खरं होतं, हसनची मोटार चौकीवर जप्त झाली होती, पण गावात असंही म्हणत की ती मोटार मुळात हसननंच कुठूनतरी उचलली होती, त्यामुळे इथं रांग हसून मोडली.

बुरुजातल्या पोरांना कळेना की हे काय चाललंय. ज्या आवाजानं लग्न मोडायचं, त्याच आवाजावर सगळं गाव नाचत होतं. त्यांनी भोंगा बंद केला.

शांतता पडली. पाय हवेत थांबले. आणि मग नवरी, कालवा नको म्हणून सकाळपासून तोंड न उघडलेली, डोक्यावरची जाळी मागे सारून म्हणाली, "बंद का केलं? आत्ता कुठं पाय ठेक्याला लागले होते."

लहान पोरं कुंपणाच्या दिशेनं तोंड करून ओरडायला लागली, "वाजवा ना. अजून एकदा."

बुरुजात काय बोलणं झालं ते बुरुजालाच ठाऊक. लावावा तर नाचतात, न लावावा तर लग्न सुखात होतं. त्यांनी थोड्या वेळानं पुन्हा लावला, अर्धवट, आणि मधेच बंद केला. वाजंत्रीवाल्यानं बासरी उचलली. त्यानं नंतर आपल्या गावी जाऊन सांगितलं की असा साथीदार त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि वर तो मानधनावरून वादही घालत नाही.

पण अशी गंमत कुणी फुकट करू देत नाही. दोन-तीन दिवसांनी जीपगाड्या आल्या आणि सैनिक सरळ जुम्आच्या घरात शिरले. त्यांचा कप्तान अरबी बोलायचा, स्वच्छ, पण कपड्यांना इस्त्री करावी तसं.

"मशीन कुठंय?" त्यानं विचारलं.

हाज्जा तमाम खाटेवर बसल्या होत्या. "आतल्या खोलीत. पण सांभाळून हो, पाय अडकतो तिचा, आणि दोऱ्याचं रीळ बसत नाही नीट."

सैनिक आत गेले आणि शिलाई मशीन बघून बाहेर आले.

"ध्वनिक्षेपक. तुम्ही आमच्या सिग्नलमध्ये आवाज घालता. कुठून?"

हाज्जांनी सुनेकडे बोट केलं नाही. कुणीच केलं नाही. पण शफीका भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिला एकदम उचकी लागली. खरीखुरी. भीतीची. तिनं तोंडावर हात दाबला. पुन्हा आली. कप्तान वळला. पुन्हा आली.

दाराशी एक सैनिक बंदूक घेऊन उभा होता. कोवळा, गालावर पुटकुळ्या. त्याची आजी कधीकाळी बगदादहून आलेली असावी, असं गाव नंतर ठरवून मोकळं झालं, कारण त्या पोराच्या तोंडून, त्याच्याही नकळत, आजीच्या मायेनं आणि आजीच्याच अरबीत निघून गेलं, "काय चोरलंस गं?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. हाज्जा तमाम यांनी पदराआड तोंड लपवलं, पण त्यांची खाट हलत होती.

शफीकाची उचकी तेवढ्यानं थांबली. दचकलं की थांबतेच.

कप्तान हसला नाही. त्यानं घर उलथंपालथं करायला लावलं. पिठात हात घातले, गाद्या फाडल्या, तेलाचे डबे कलंडवले. ध्वनिक्षेपक सापडला नाही. जाताना अंगणात अबू मुतीअचं उखळ दिसलं, लग्नापासून तिथंच राहिलेलं, ते त्यांनी गाडीत टाकलं. आणि पुढच्याच आठवड्यात जुम्आचा खाणीकडे जायचा परवाना चौकीवर रद्द झाला. कारण विचारलं तर म्हणाले, कारण नाही.

त्या हिवाळ्यात जुम्आ घरी बसला. आधी चुपचाप, मग कुरकुरत, आणि एका संध्याकाळी चुलीपाशी तो फुटला. "दगड कापून माझे कान गेले, चालेल. पण तुझ्या घशापायी माझे हात गेले, शफीका. एका उचकीपायी." त्यानं तिला उम्म राजी म्हटलं नाही हे तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

शफीकानं त्या दिवसापासून उचकी सोडली. गच्चीवर जाणंही सोडलं. भोंगा लागला की ती लोकर पिंजत बसायची. आणि गंमत अशी की तिच्यावाचून काही अडलं नाही. भोंगा चढला, थांबला, आणि कुठल्यातरी गच्चीवरून "हिक्" आली. जरा बसकी. मग दुसऱ्या गच्चीवरून. शाळेच्या पटांगणातून एकदम पन्नास आल्या. न्हाव्याचीसुद्धा आली, ढेकरेसारखीच. आणि सगळ्या गावानं विचारलं, "काय चोरलंस?"

शफीका ऐकत राहिली. शेवटी जुम्आच चुलीपाशी चुळबुळला. त्याच्या मंद कानांनाही ते सोसवेना.

"ही उम्म फवाझ आहे का?"

"हो."

"किती उशिरा घेते. भोंगा पुन्हा सुरू झाल्यावर काय उपयोग?"

"सांगितलंय तिला. ऐकत नाही."

जुम्आनं चुलीत काटकी सारली. "परवाना तर गेलाच आहे," तो म्हणाला. "निदान उचकी तरी नीट होऊ दे, उम्म राजी." आणि तिच्या खांद्यावर शाल टाकून तो स्वतःच तिच्यामागे गच्चीवर चढला. कानामागे पंजा धरून, काही चुकलं तर सांगायला.

बुरुजातल्या लोकांनी फटच बुजवायचं ठरवलं. भोंगा न थांबता लावून ठेवला. दिवसभर, दम न घेता. तो दिवस फार वाईट गेला, हे कबूल केलं पाहिजे. माणसं घरात उशा कानाला बांधून बसली, हाज्जांना चक्कर आली, दुभत्या शेळीनं धारेला पाय झाडला. संध्याकाळच्या सुमारास मात्र कर्ण्याचा घसा बसला. आधी खरखर, मग घरघर, मग म्हाताऱ्या बोकडासारखा एक आवाज, आणि मग काही नाही. गाव बाहेर आलं. खालच्या ओढ्यात बेडूक आहेत, हे लोकांना बऱ्याच दिवसांनी कळलं.

नवा कर्णा बसला, पण तो कामापुरताच बोलतो. संचारबंदी लागली, संचारबंदी उठली. ते काही थोडं नाही, आणि झरा अजून कुंपणातच आहे. अबू मुतीअचं उखळ परत आलं नाही, तो आता पितळी उखळात कुटतो आणि चव गेली म्हणून शिव्या देतो. जुम्आचा परवाना पुढच्या उन्हाळ्यात मिळाला, कारण तेव्हाही नाही.

शफीकाचं नाव मात्र डोंगर ओलांडून गेलं. गेल्या वसंतात पलीकडच्या कफ्र सनौबर गावच्या बायका तिला न्यायला आल्या. त्यांच्याकडे कर्णा नाही. त्यांच्या डोक्यावर आठ महिन्यांपासून विमान फिरतं, माणसाविना उडणारं, लहानसं, आणि दिवसचे दिवस एकाच सुरात गुणगुणतं. त्यांनी टॅक्सी आणली होती, सोबत मुसख्खनचं ताट होतं, त्यावर सुमाकची आंबट लाल पूड इतकी की कोंबडी दिसत नव्हती.

शफीका त्यांच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली बसली. वर ते गुणगुणत होतं. बायका भोवती बसल्या, तिच्या तोंडाकडे बघत. तिनं चहा घेतला. अजून एक घेतला. बराच वेळ गेला.

एक तरुण सून धीर सुटून म्हणाली, "खाला, कधी सुरू करणार?"

"ऐकू दे गं. याला श्वासच नाही. याच्यात उचकी कुठं घालू?"

बायकांची तोंडं उतरली. कोपऱ्यात एक थोराड बाई शेंगा सोलत होती, ती आपल्याशीच म्हणाली, "उचकी नाही लागत त्याला. आमच्या ह्यांच्यासारखा आहे. जेवला की आडवा होऊन घुर्र घुर्र, सबंध दुपार."

शफीकानं कप खाली ठेवला. "तुमचे हे घोरतात?"

"घोरतात? भिंतीला तडे गेलेत."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? ढोसते कोपरानं. सांगते, कूस बदला."

शफीकानं वर बघितलं, मग त्या बाईकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते ओळखून टॅक्सीवाल्यानं गाडीचं इंजिन बंद केलं. "सांग बरं त्याला," ती म्हणाली. "जसं ह्यांना सांगतेस तसंच. लाजू नकोस, तो काही परका नाही, आठ महिने डोक्यावर झोपलाय."

थोराड बाईनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली, मान वर केली आणि वीस वर्षांच्या संसाराचा सगळा कंटाळा एकवटून म्हणाली, "अहो, कूस बदला."

अंगणात हशा पिकला. दुसरीनं त्याच सुरात म्हटलं. तिसरी म्हणाली, "बूट तरी काढून झोपायचं." शफीकानं तोवर विमानाचाच सूर नाकातून धरला होता. मग तिनं त्याला खरंखुरं घोरायला लावलं, आत ओढताना खरखर, सोडताना शीळ. विमान आपलं एकसुरीच होतं, पण आता कुणाला ते तसं ऐकू येत नव्हतं. प्रत्येक शिळेनंतर एकेक बायको एकेक तक्रार वर पाठवत होती. जेवलेलं ताट उचललं नाही. तुमची आई आली होती. दार उघडं टाकून झोपलात, मांजर दूध पिऊन गेलं. पुरुषमंडळी लांब दुकानापाशी उभी होती. यातल्या कुठल्या तक्रारी विमानाच्या आणि कुठल्या आपल्या, हे त्यांना नेमकं कळत नव्हतं, म्हणून ती जरा अस्वस्थ होती.

दुपारी कधीतरी विमान वळून डोंगरापलीकडे गेलं. तेल संपलं असेल, पाळी बदलली असेल. ते नेहमीच जातं आणि परत येतं. पण थोराड बाई उठली, हात झटकले आणि सगळ्यांना सांगितलं, "बघितलंत? वीस वर्षांत आमच्या ह्यांनी माझं एकदाही ऐकलं नाही."

"परत येईल तो," तरुण सून म्हणाली.

"येऊ दे," शफीका म्हणाली. "अजून मेहुणीबद्दल काही बोललोच नाही आपण." आणि तिनं मुसख्खनचं ताट पुढे ओढलं.